‘मायसेल्फ’ ते ‘सिन्स टू इयर्स’: इंग्रजीतल्या चुका मराठीतून कशा येतात? आधी कोणत्या सुधारायच्या?

शिरवळ : ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ.’ एमआयडीसीतल्या नोकरीच्या मुलाखतीत हा पहिला प्रश्न जवळपास ठरलेलाच. उत्तराची सुरुवातही अनेकदा ठरलेली असते: ‘मायसेल्फ अमुक. आय ॲम बिलाँग टू शिरवळ. आय ॲम वर्किंग इन धिस लाइन सिन्स टू इयर्स.’

तीन वाक्यं आणि तिन्हींत चूक. उमेदवार साताऱ्याचा असो, सांगलीचा असो की भोरचा, चुका त्याच. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं नेमकी तीच चूक करत असतील तर तिला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. त्यामागे काहीतरी नियम असतो. तो नियम मराठीच्या व्याकरणाचा आहे.

आपण इंग्रजी बोलतो तेव्हा शब्द इंग्रजी असतात, सांगाडा बऱ्याचदा मराठीच राहतो. हा सांगाडा कुठे आड येतो ते एकदा कळलं की चुका पाठ करत बसावं लागत नाही, त्या आधीच ओळखता येतात. आणि सगळ्या चुका सारख्या महत्त्वाच्याही नसतात. काही चुकांनी अर्थच उलटा होतो, काही फक्त कानाला खटकतात, तर काहींना चूक म्हणायचीही गरज नाही. म्हणून या एक्स्प्लेनरमध्ये आपण त्यांची लाल, पिवळा आणि हिरवा अशी सिग्नलसारखी विभागणी केली आहे.

शिरवळमध्ये हा प्रश्न मोठा का?

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि लागलीच शिरवळ येतं. महामार्गालगत कारखाने वाढले तसे आसपासच्या गावांतले आयटीआय, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग झालेले तरुण इथे कामाला येऊ लागले. शॉपफ्लोअरवर बोलणं मराठी-हिंदीत चालतं. कागद मात्र इंग्रजीत: जॉब कार्ड, शिफ्ट रिपोर्ट, सेफ्टीचा बोर्ड, ऑडिटची प्रश्नावली, ग्राहकाचा ईमेल. शिरवळच्याच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी शिकतो इंग्रजीतून आणि जनावराचा मालक बोलतो मराठीतून. दोन भाषांमधली ये-जा इथे रोजची आहे.

या तालुक्याचं इंग्रजीशी नातं जुनं आहे. खंडाळा तालुक्यातल्याच नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या त्यांच्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरलेला आहे. आता तर २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या, मराठी माध्यमातून दहावी झालेल्या तरुणाने किमान दहा वर्षं इंग्रजी विषय म्हणून अभ्यासलेला असतो. तरीही ‘सिन्स टू इयर्स’ जात नाही. का?

चूक येते कुठून?

भाषातज्ज्ञांनी या प्रश्नाकडे खूप आधी लक्ष दिलं आहे. त्यात एक नाव आपल्या जवळचं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुढे दीर्घकाळ काम केलेले भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी १९५७ मध्ये ‘वर्ड’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ या विषयावर शोधनिबंध लिहिला. मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांचा तो अभ्यास होता. मराठी बोलणाऱ्याचं इंग्रजी हा त्यांच्या लेखी टिंगलीचा विषय नव्हता, शास्त्रीय निरीक्षणाचा होता.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने एक महत्त्वाचा फरक मांडला. घाईत जीभ घसरते ती एक गोष्ट. ती आपली आपल्यालाच कळते. पुन्हा पुन्हा, त्याच जागी होणारी चूक ही दुसरी गोष्ट. शिकणाऱ्याच्या डोक्यात सध्या कोणता नियम चालू आहे ते ती दाखवते. म्हणून अशी चूक शिक्षकासाठी उपयोगाची असते, असं त्याचं म्हणणं होतं.

वरच्या तीन वाक्यांना हे लावून बघा.

‘मायसेल्फ अमुक’: मराठीत ‘मी अमुक’ म्हटलं की वाक्य पूर्ण होतं, ‘आहे’ लागतच नाही. इंग्रजीत क्रियापद लागतंच. शिवाय प्रश्नात ‘युअरसेल्फ’ ऐकलेलं असतं, त्याला जोड म्हणून ‘मायसेल्फ’ तोंडात येतं. बरोबर: ‘आय ॲम अमुक’.

‘आय ॲम बिलाँग टू शिरवळ’: ‘मी शिरवळचा आहे’ यातला ‘आहे’ सुटत नाही, म्हणून ‘बिलाँग’ हे क्रियापद असतानाही ‘ॲम’ घातलं जातं. बरोबर: ‘आय ॲम फ्रॉम शिरवळ’.

‘सिन्स टू इयर्स’: हे थेट लाल सिग्नलमध्ये येतं, पुढे सविस्तर पाहू.

लाल सिग्नल : अर्थच बदलतो

आधी याच चुका सुधारा. यांत समोरच्याला तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं वाटत नाही. त्याला वाक्य नीट समजल्यासारखं वाटतं, फक्त अर्थ वेगळा लागतो. म्हणून या जास्त धोक्याच्या.

१. नकारार्थी प्रश्नाला ‘येस’

मराठीत कुणी विचारलं, ‘मेन स्विच बंद केला नाहीस ना?’ तर आपण म्हणतो, ‘हो, राहिला.’ इथे ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे’. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या बोलण्याशी जुळवायचे नसतात, घडलेल्या गोष्टीशी जुळवायचे असतात. काम झालं असेल तर ‘येस’, झालं नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो.

आता हाच प्रश्न इंग्रजीत: ‘डिडन्ट यू स्विच ऑफ द मेन सप्लाय?’ तुम्ही ‘हो, राहिलं’ या अर्थाने नुसतं ‘येस’ म्हणालात, तर समोरचा समजेल की सप्लाय बंद आहे. तो पॅनेलला हात लावायला मोकळा. म्हणून नियम पक्का करा: ‘येस’ किंवा ‘नो’वर कधीच थांबायचं नाही. ‘नो, आय डिडन्ट. इट इज स्टिल ऑन.’ असं पूर्ण वाक्य बोला.

मुलाखतीतही असाच एक सापळा असतो. ‘डू यू माइंड वर्किंग इन द नाइट शिफ्ट?’ आपण तो मनात ‘नाइट शिफ्ट चालेल का?’ असा ऐकतो आणि उत्साहाने ‘येस सर’ म्हणतो. पण ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं. ‘येस’चा अर्थ झाला, ‘हो, माझी हरकत आहे’. बरोबर उत्तर: ‘नॉट ॲट ऑल, सर.’

२. एक ‘बंद’, चार इंग्रजी शब्द

मराठीतला ‘बंद’ हा फार कामसू शब्द आहे. दार बंद, पंखा बंद, व्हॉल्व्ह बंद, लाइन बंद, लिफ्ट बंद. त्यामुळे ‘क्लोज द फॅन’ सहज तोंडातून जातं. इंग्रजीत दार आणि व्हॉल्व्ह ‘क्लोज’ करतात, पंखा आणि मोटर ‘स्विच ऑफ’ करतात, चालती लाइन ‘स्टॉप’ करतात आणि अख्खा प्लांट ‘शट डाउन’ करतात.

‘क्लोज द फॅन’ने कुणाचं काही बिघडत नाही. पण शिफ्ट बदलताना लिहिलेलं वाक्य घ्या: ‘पंप बंद आहे’. हा पंप कुणी मुद्दाम थांबवलाय की तो बिघडलाय? मराठीत संदर्भाने कळतं. इंग्रजीत आधीच ठरवावं लागतं. ‘द पंप इज ऑफ’ म्हणजे थांबवलेला आहे, बटण दाबलं की सुरू होईल. ‘द पंप इज नॉट वर्किंग’ म्हणजे बिघडलेला आहे. बिघडलेल्या पंपाबद्दल नुसतं ‘ऑफ’ लिहिलं, तर पुढच्या पाळीतला माणूस तो सुरू करायला जाणारच.

३. ‘पर्यंत’: टिल की बाय?

‘पाचपर्यंत थांबा’ आणि ‘पाचपर्यंत रिपोर्ट द्या’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘टिल’, कारण थांबणं पाचपर्यंत चालू राहणार आहे. दुसऱ्यासाठी ‘बाय’, कारण पाच ही मुदत आहे. रिपोर्ट चारलाही देता येईल. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फाइव्ह’ हे वाक्य वाचणाऱ्याला तुम्ही पाच वाजेपर्यंत रिपोर्टच पाठवत बसणार आहात असं वाटतं. लिहायचं असं: ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह’.

४. ‘पासून’: सिन्स की फॉर?

‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. पुन्हा एकच प्रत्यय, दोन कामं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स २०२२’. किती काळ झाला ते सांगायचं तर ‘फॉर’: ‘फॉर टू इयर्स’. सोपी खूण अशी की कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’, बोटांवर मोजता आलं तर ‘फॉर’.

क्रियापदाचं रूपही बदलतं. मराठीत ‘मी दोन वर्षांपासून काम करतोय’ हा वर्तमानकाळ, म्हणून ‘आय ॲम वर्किंग’. इंग्रजीला मागे सुरू होऊन आजवर आलेलं काम दाखवायला ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणालात तर तुम्ही ती नोकरी सोडलेली आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. नोटीस पीरियडचा पुढचा प्रश्न त्यावरच ठरतो.

५. डाउट, पास आउट, रिव्हर्ट

मराठीत शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. वर्गात ‘सर, एक शंका आहे’ म्हणण्यात काहीच वावगं नाही. पण परदेशी ग्राहकाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर रीडिंग्ज’ असं लिहिलं, तर त्याच्या मोजमापांवर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर रीडिंग्ज’ लिहा.

‘आय पास्ड आउट इन २०२२’ हे आपल्याकडे सर्वांना कळतं. भारताबाहेर ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२२’ सुरक्षित.

‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या, हा अर्थ आपल्या ऑफिसांत रुळलेला आहे. इतरत्र ‘रिव्हर्ट’ म्हणजे आधीच्या स्थितीला परत नेणं. सुधारित ड्रॉइंग जोडून खाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं, तर वाचणारा जुन्या ड्रॉइंगवर परत जायचं आहे असंही समजू शकतो. ‘प्लीज रिप्लाय’ हे दोन शब्द पुरे.

परीक्षेचीही एक उलटापालट आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह माय एक्झाम’. इंग्रजीत परीक्षा देणारा असतो शिक्षक. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो.

पिवळा सिग्नल : कळतं, पण खटकतं

यांनी अर्थ बिघडत नाही. मात्र लेखी परीक्षेत गुण जातात आणि ईमेल कच्चा दिसतो. लाल चुका आटोक्यात आल्या की इकडे वळा.

भूतकाळाचा शिक्का एकदाच. ‘डिड यू वेंट?’, ‘आय डिडन्ट केम’. मराठीत भूतकाळ मुख्य क्रियापदावरच दिसतो: ‘गेलास का?’, ‘आलो नाही’. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळाचं काम झालं, पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘डिड यू गो?’, ‘आय डिडन्ट कम’.

‘काल’सोबत ‘हॅव’ नको. ‘मेल कालच पाठवलाय’ हे मराठीत चालतं, म्हणून ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ येतं. संपलेली वेळ सांगितली की इंग्रजीत साधा भूतकाळ: ‘आय सेंट द मेल यस्टरडे’. वेळ सांगितली नाही तर ‘आय हॅव सेंट द मेल’ अगदी बरोबर.

‘आय ॲम ॲग्री’. ‘मी सहमत आहे’चं शब्दशः भाषांतर. ‘ॲग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे: ‘आय ॲग्री’.

कळतंय, पण ‘अंडरस्टँडिंग’ नको. ‘मला कळत नाहीये’ वरून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘मला दोन भाऊ आहेत’ वरून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. कळणं, माहीत असणं, जवळ असणं या क्रिया नाहीत, स्थिती आहेत. त्यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही: ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

जरी-तरी, कारण-म्हणून. मराठीत ही जोडपी एकत्र नांदतात. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही आलो’ वरून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी केम’. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच जागा: ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तसंच.

आदरार्थी बहुवचन. ‘बाबा शेतकरी आहेत’ म्हणून ‘माय फादर आर अ फार्मर’. इंग्रजीत क्रियापदातून मान देण्याची सोय नाही. ‘माय फादर इज अ फार्मर’ म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

‘माझा एक मित्र’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ नव्हे, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. अनेकांतला एक, म्हणून पुढचा शब्द अनेकवचनी.

ज्यांचं अनेकवचन होत नाही ते शब्द. ‘इक्विपमेंट्स’, ‘इन्फॉर्मेशन्स’, ‘सॉफ्टवेअर्स’, ‘फर्निचर्स’. हे सगळे शब्द एकवचनातच वापरा. इंजिनिअरिंगच्या सीव्हीत पहिला शब्द तर हमखास सापडतो.

आज सकाळी, काल रात्री. ‘टुडे मॉर्निंग’ नव्हे ‘धिस मॉर्निंग’, ‘यस्टरडे नाइट’ नव्हे ‘लास्ट नाइट’.

प्रश्नाच्या आत प्रश्न. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. प्रश्नात ‘इज’ आधी येतो हे शाळेत पक्कं केलेलं असतं, ते इथेही लागू होतं. पण हे वाक्य प्रश्न नाही, माहिती आहे: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’.

मराठी प्रत्यय, इंग्रजी शब्दयोगी. ही यादी पाठ करण्यापेक्षा क्रियापदासोबतच शब्द लक्षात ठेवा.

– त्यावर चर्चा केली. चूक: ‘डिस्कस्ड अबाउट इट’. बरोबर: ‘डिस्कस्ड इट’.
– शिरवळला पोहोचलो. चूक: ‘रीच्ड टू शिरवळ’. बरोबर: ‘रीच्ड शिरवळ’.
– सरांना विचार. चूक: ‘आस्क टू सर’. बरोबर: ‘आस्क सर’.
– मला समजावून सांगा. चूक: ‘एक्स्प्लेन मी’. बरोबर: ‘एक्स्प्लेन इट टू मी’.
– ती गणितात चांगली आहे. चूक: ‘गुड इन मॅथ्स’. बरोबर: ‘गुड ॲट मॅथ्स’.
– त्याने तिच्याशी लग्न केलं. चूक: ‘मॅरीड विथ हर’. बरोबर: ‘मॅरीड हर’.

अ की ॲन? देवनागरीची आयती मदत

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असं काही नाही. त्यामुळे ते एकतर गळतात किंवा नको तिथे येतात. शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू’ची यादी पाठ केलेली असते, तीही फसवते. कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे.

इथे मराठी माणसाकडे एक हुकमी युक्ती आहे. शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, आयटीआय, एमबीए, एक्स-रे, एलईडी हे सगळे देवनागरीत स्वराने सुरू होतात: ‘ॲन अवर’, ‘ॲन आयटीआय’, ‘ॲन एमबीए’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, यूपीएस, वन-वे हे व्यंजनाने: ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ यूपीएस’, ‘अ वन-वे रोड’. एक अपवाद लक्षात ठेवा: वर्ष या अर्थाचा ‘इयर’ आपण स्वराने लिहितो, पण त्याचा मूळ उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’.

आणि ‘द’ कधी? मराठी वाक्यात ‘एक’ किंवा ‘एखादा’ बसत असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ बसत असेल, म्हणजे कोणती वस्तू ते ऐकणाऱ्याला माहीत असेल, तर ‘द’. प्रत्येक जागी हे लागू होणार नाही, पण रोजच्या कामात पुष्कळदा होईल.

हिरवा सिग्नल : हे बदलायची घाई नको

‘प्रीपोन’ हा भारतात रुळलेला शब्द. बैठक पुढे ढकलली तर ‘पोस्टपोन’, मग अलीकडे आणली तर ‘प्रीपोन’. हिशेब सरळ आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आता त्याची नोंद आहे.

‘कझिन ब्रदर’वर हसणारे पुष्कळ भेटतात. पण मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार नाती वेगळी आहेत. इंग्रजीने या सगळ्यांना, शिवाय बहीण-भावांनाही, एकाच ‘कझिन’मध्ये कोंबलं आहे. आपण त्यात थोडी माहिती भरतो इतकंच. ‘आय ॲम फ्रॉम शिरवळ ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’: ‘शिरवळचाच’. गप्पांत चालू द्या, मुलाखतीत टाळा.

ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर, नायजेरिया, प्रत्येक ठिकाणी इंग्रजीने तिथली वळणं घेतली आहेत. भारतातही घेतली आहेत. समोर कोण आहे त्यावर शब्द निवडा, म्हणजे झालं.

वाक्प्रचारांचं काय?

‘डोकं खाऊ नकोस’चं ‘डोन्ट ईट माय हेड’ होत नाही आणि ‘माझा फोटो काढ’चं ‘रिमूव्ह माय फोटो’ही होत नाही. फोटोच्या बाबतीत तर अर्थ थेट उलटा होतो. समोरचा असलेला फोटोही डिलीट करेल. बरोबर: ‘टेक माय फोटो’. ‘डोकं दुखतंय’ला ‘माय हेड इज पेनिंग’ नाही, ‘आय हॅव अ हेडेक’. ‘चूक केली’ला ‘डिड अ मिस्टेक’ नाही, ‘मेड अ मिस्टेक’.

उलट बाजूने, शाळेत पाठ केलेले कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे वाक्प्रचार ऑफिसात फारसे कामी येत नाहीत. कामाच्या ईमेलमध्ये भेटतात ते हे:

– ‘कीप मी इन द लूप’: मलाही कळवत राहा.
– ‘लेट्स कॉल इट अ डे’: आजचं काम इथेच थांबवू.
– ‘बॉलपार्क फिगर’: अंदाजे आकडा.
– ‘आर वी ऑन द सेम पेज?’: आपल्या दोघांचं समजणं एकच आहे ना?
– ‘अंडर द वेदर’: बरं वाटत नाहीये.

एक शब्द जपून: ‘टेबल’. ब्रिटिश माणूस ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा आहे. अमेरिकन माणूस तेच म्हणाला तर विषय बाजूला ठेवायचा आहे. बैठकीत विचारून खात्री करा. असे गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांमध्येही होतात.

सुधारायचं कसं?

१. ‘येस’ किंवा ‘नो’नंतर पूर्ण वाक्य. आजपासून, प्रत्येक वेळी.

२. आठवड्याला एकच चूक. या आठवड्यात फक्त ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. सात दिवस तेवढ्यावरच लक्ष. सगळं एकदम सुधारायला गेलात तर बोलणंच थांबेल.

३. फोनच्या नोट्समध्ये दोन रकाने करा. डावीकडे मनात आलेलं मराठी वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी वाक्य. महिन्याभरात तुमचा मराठी सांगाडा नेमका कुठे आड येतो ते दिसेल.

४. स्वतःची ओळख एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. बोलताना न कळलेल्या चुका ऐकताना कळतात.

५. ईमेल पाठवण्याआधी तीन शब्द शोधा: ‘टिल’, ‘सिन्स’, ‘रिव्हर्ट’. स्पेलिंग तपासणारं ॲप चुकीच्या शब्दाखाली रेघ मारेल. पण वाक्य व्याकरणात बसत असेल आणि अर्थाने फसत असेल, तर ते सहसा गप्प बसतं. ती जबाबदारी आपलीच.

मुलाखत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ‘मायसेल्फ’ म्हणणाऱ्याला बेअरिंग बदलता येत नाही किंवा व्हर्निअर वाचता येत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पिवळ्या चुकांवर उमेदवार नापास करणं म्हणजे चांगला फिटर हातचा घालवणं. लाल चुका मात्र कामावर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, सेफ्टीच्या प्रशिक्षणातच शिकवायला हव्यात. ‘बंद’ म्हणजे ‘ऑफ’ की ‘नॉट वर्किंग’, हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात.

सेव्ह करून ठेवा : मुलाखतीची आठ वाक्यं

– मी अमुक, शिरवळचा. ‘आय ॲम अमुक. आय ॲम फ्रॉम शिरवळ.’
– २०२२ मध्ये डिप्लोमा झाला. ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२२.’
– दोन वर्षांपासून इथे काम करतोय. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’
– आधी तिथे एक वर्ष काम केलं. ‘आय वर्क्ड देअर फॉर अ इयर.’
– वडील शेती करतात. ‘माय फादर इज अ फार्मर.’
– नाइट शिफ्टला हरकत नाही. ‘आय डोन्ट माइंड द नाइट शिफ्ट.’
– प्रश्न कळला नाही, पुन्हा सांगाल का? ‘आय डिडन्ट अंडरस्टँड द क्वेश्चन. कुड यू रिपीट इट, प्लीज?’
– सोमवारपर्यंत कागदपत्रं देतो. ‘आय विल सबमिट द डॉक्युमेंट्स बाय मंडे.’

यातलं सातवं वाक्य सगळ्यात आधी पाठ करा. प्रश्न न कळता दिलेल्या ‘येस सर’पेक्षा ते कधीही बरं.